वॉटर फ्लॉसरची धार कमी झाली आहे आणि टाकीला वास येतो, काय करावं?

वॉटर फ्लॉसर म्हणजे पाण्याच्या बारीक धारेने दातांमधल्या फटी साफ करणारं मशीन. तुमच्या प्रश्नात त्याच्या तीन तक्रारी आहेत: चार महिन्यांत धार निम्म्यावर आली, टाकीला कुबट वास येतो आणि खालच्या दातांकडे गेलं की मशीन फुसफुसतं. तिन्ही घरच्या घरी सुटण्यासारख्या आहेत, त्यामुळे लगेच नवीन घेऊ नका.

वासाचं कारण आत राहिलेलं पाणी. टाकीच्या तळाशी आणि झाकणाच्या रबरी कडेखाली बोट फिरवून बघा, गुलाबीसर किंवा काळपट बुळबुळीत थर हाताला लागेल. मुंबईच्या पावसाळ्यात बाथरूममधलं काहीच धड सुकत नाही, मग बंद टाकी कशी सुकेल? रोज वापर झाला की उरलेलं पाणी ओतून टाका, रिकामं मशीन फक्त दोन-तीन सेकंद चालवा म्हणजे नळीतलं पाणीही निघून जाईल. त्याहून जास्त चालवू नका, पंप कोरडा फिरला की आतली सीलं झिजतात. टाकी सुटी होत असेल तर काढून उपडी ठेवा, नसेल तर झाकण उघडं ठेवा. आणि मशीन बाथरूमबाहेर ठेवा. चार्जिंगचं भोक कोरडं पुसून, रबरी बूच नीट लावूनच पुढच्या वेळी पाणी भरा.

आता साचलेला थर काढायचा. 300 मिलीच्या टाकीत कोमट पाणी आणि एक मोठा चमचा, म्हणजे 15 मिली, पांढरं व्हिनेगर घाला. वाण्याकडे मिळतं तेच चालेल. अर्धी टाकी बेसिनमध्ये सोडा, मशीन बंद करून 20 मिनिटं तसंच ठेवा, मग उरलेलं सोडा. त्यानंतर साध्या पाण्याच्या दोन टाक्या सोडल्या की वास जातो. नॉझल, म्हणजे धार सोडणारं टोक, वेगळं काढून व्हिनेगरमध्ये पाच-दहा मिनिटं बुडवा. उकळतं पाणी आणि ब्लीच अजिबात नको.

हे महिन्यातून एकदा पुरतं, पण तुमच्या सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर पंधरा दिवसांनी करा. महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांचं असतं, त्यात क्षार कमी असतात. बोअरचं पाणी जड असतं आणि त्याचा पांढरा थर नॉझलच्या बारीक भोकात बसतो. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं, इमारतीची टाकी साफ केल्यावर नळाला गाळ येतो, त्या दिवसांत फ्लॉसरमध्ये फिल्टरचंच पाणी भरा.

धारेचं कारण क्रमाने शोधा. आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा. मग नॉझल काढून मशीन बेसिनवर धरा आणि चालवा. नॉझलशिवाय पाणी भरपूर येत असेल तर अडथळा नॉझलमध्ये आहे. तसंही कमीच येत असेल तर टाकीतली पाणी खेचणारी नळी तपासा: तिच्या टोकाच्या जाळीत कचरा अडकतो आणि वरच्या बाजूला ती सैल झाली की पाण्याबरोबर हवा ओढली जाते. जाळी जुन्या मऊ टूथब्रशने घासा, नळी घट्ट बसवा. मीठ, खायचा सोडा, लवंगेचं तेल असं काही टाकीत घालत असाल तर ते आजच थांबवा. माउथवॉश चालतो, पण निम्म्याहून जास्त नको, आणि नंतर साध्या पाण्याने मशीन धुवायलाच हवं.

फुसफुसण्याचं कारण बहुतेक वेळा मशीन कलंडणं हेच असतं. खालच्या दातांसाठी आपण मशीन तिरपं करतो, पाणी एका बाजूला जातं आणि नळीचं तोंड हवेत राहतं. मशीन उभंच ठेवा, नॉझल फिरवून दिशा बदला आणि स्वतः बेसिनवर वाका. टाकी अर्धी झाली की पुन्हा भरून घ्या.

वापरताना नॉझल आधी तोंडात, मग बटण. उलट केलं की आरशावर फवारा. ओठ सैल मिटा, पाणी तोंडातून आपोआप गळू द्या. मागच्या दाढेपासून सुरुवात करा, धार हिरडीच्या कडेवर काटकोनात धरा आणि दोन दातांमधल्या प्रत्येक फटीपाशी क्षणभर थांबा. धार नुसती भरभर फिरवली तर काही उपयोग नाही. आतल्या बाजूनेही तसंच करा, पण जिभेखाली धार मारू नका. पहिला आठवडा सर्वांत कमी प्रेशरवर. रात्री ब्रशच्या आधी फ्लॉसर वापरावा असं माझं मत, म्हणजे पेस्टमधलं फ्लोराइड मोकळ्या झालेल्या फटींत पोचतं.

दात अगदी चिकटून असतील तर तिथे दोऱ्याचा फ्लॉस लागतोच. ब्रेसेस (दातांच्या तारा), ब्रिज (शेजारच्या दातांवर बसवलेला कृत्रिम दात) किंवा इम्प्लांट (हाडात बसवलेला कृत्रिम दात) असेल तर मात्र फ्लॉसरचा फार उपयोग होतो. साधं नॉझल सहा महिन्यांनी बदला, ब्रशचे केस असलेलं तीन महिन्यांनी.

सुरुवातीला थोडं रक्त येऊ शकतं. दोन आठवड्यांनंतरही येत राहिलं तर दंतवैद्याला दाखवा, कारण दातांवर दगड, म्हणजे कडक झालेला थर (टार्टर), साचला असेल तर तो धारेने निघत नाही. हृदयाची झडप बदललेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय फ्लॉसर सुरूच करू नका.