शाम्पू संपला, गोचीड संपेना

प्रश्न : आमच्या चार वर्षांच्या लॅब्रेडॉरला दर रविवारी गोचिडांच्या शाम्पूने आंघोळ घालतो. तरी आठ दिवसांत कानात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड दिसतातच. बागेत फवारणी करावी का? (सांगली)

उत्तर : हिरवळीवर औषध मारून फारसं हाती लागणार नाही. आपल्याकडच्या कुत्र्यांवर मुख्यतः तपकिरी गोचीड असतो आणि त्याचा मुक्काम गवतापेक्षा भिंतीत जास्त. वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर रक्त पिऊन तो खाली उतरतो, कात टाकतो आणि पुन्हा अंगावर चढतो. फुगून वाटाण्याएवढी झालेली मादी प्लास्टरच्या भेगेत किंवा दाराच्या चौकटीमागे शिरून हजारावर अंडी घालते. शाम्पूने अंगावरचे तेवढे मरतात, भिंतीतली फौज शाबूत राहते.

कुत्रा झोपतो त्या जागेभोवतीची भिंत रात्री बॅटरी घेऊन पाहा. राखाडी-तपकिरी ठिपके वर चढताना दिसले की घर सापडलं. भेगा पुट्टीने बुजवा, अंथरूण दर आठवड्याला कढत पाण्यात धुवा. कोपऱ्यांत फवारायचंच असेल, तर जागा पूर्ण वाळेपर्यंत कुत्र्याला लांब ठेवा. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन अजिबात नको; कुत्र्याला चालणारं हे औषध मांजराच्या जिवावर बेततं.

अंगासाठी फ्लुरालॅनरची गोळी जेवणासोबत द्यायची, ती साधारण १२ आठवडे पुरते. अफोक्सोलॅनरची महिन्याला एक. मात्रा वजनावर ठरते, म्हणून अंदाज न बांधता वजन करा. फिट येणाऱ्या कुत्र्याला व्हेटला विचारल्याशिवाय यातलं काहीच देऊ नका. मानेवर सोडायचे थेंब वापरत असाल, तर तुमची रविवारची आंघोळच ते धुऊन टाकत असेल. आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ टाळा.

चिकटलेला गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा आणि स्पिरिटमध्ये टाका. रॉकेल, अगरबत्तीचा चटका, नखाने चिरडणं यातलं काहीही नको.

कुत्रा मलूल झाला, जेवण सोडलं, हिरड्या फिक्या पडल्या किंवा नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी प्लेटलेटसह रक्त तपासा. एर्लिकिया, म्हणजे गोचिडातून येणारा जंतूंचा आजार, निघाला तर डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक सहसा २८ दिवस चालतं. चौथ्या दिवशी शेपूट हलली म्हणून थांबवू नका. लघवी कॉफीसारखी झाली तर बबेसिया या गोचिडातूनच येणाऱ्या रक्तातल्या परजीवीची शंका घ्यायची, त्याचं औषध वेगळं.

प्रश्न : पावसाळ्यात शंखी गोगलगायी झाडं फस्त करतात. दुकानदाराने दाणेदार औषध दिलंय. कुत्रा बागेत मोकळा असतो. चालेल का? (रत्नागिरी)

उत्तर : पुडीवर मेटाल्डिहाइड लिहिलं असेल तर नाही. गोगलगायींना ओढण्यासाठी त्यात धान्याचा भुसा असतो आणि कुत्र्यालाही तो खाऊच वाटतो. बहुधा काही तासांतच थरथर, झटके आणि चढता ताप सुरू होतो. यावर उतारा नाही. फक्त झटके थांबवणं आणि अंग थंड करणं व्हेटच्या हाती असतं. घरी मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका. पुडी घेऊन थेट दवाखाना गाठा.

त्यापेक्षा गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी झाडांजवळ पसरा. सकाळी कुत्र्याला बाहेर सोडण्याआधी हातमोजे घालून खालच्या गोगलगायी वेचा आणि मिठाच्या घट्ट पाण्यात बुडवा. ती बादली झाकलेली असू द्या.