दगडी वाचनालयाचे छप्पर गळते तेव्हा

प्रश्न : गिरगावातल्या आमच्या वाचनालयाची इमारत जुनी, दगडी आहे. पावसाळ्यात वरच्या मजल्यावर ओल येते. कौलारू छप्पर काढून स्लॅब टाकायचा आणि भिंतींचे सांधे सिमेंटने भरायचे, असे कार्यकारिणीत घाटते आहे. योग्य आहे का?
– एक सभासद

उत्तर : कृपया स्लॅब टाकू देऊ नका. मुंबईत हे करून झाले आहे. काळा घोड्याचे डेव्हिड ससून ग्रंथालय १८७० मध्ये बांधून झाले. टांकसाळ आणि गोदीतल्या तरुण कर्मचाऱ्यांनी १८४७ मध्ये काढलेल्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटची ही वास्तू. व्यापारी डेव्हिड ससून यांनी तिच्यासाठी साठ हजार रुपये दिले. पिवळसर मालाड दगड, टोकदार कमानी, वर उतरते छप्पर. पुढे ते छप्पर जाऊन सपाट स्लॅब आला आणि गळती मागे लागली. जीर्णोद्धारात स्लॅब उतरवून लाकडी कैच्यांचे (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांचे) छप्पर पुन्हा चढवले, आणि २०२३ मध्ये ग्रंथालय वाचकांना खुले झाले. एकदा जाऊन मान वर करून बघाच.

सपाट स्लॅबवर पाणी रेंगाळते. उन्हाने काँक्रीट फुगते, गारव्याने आकसते. दगडी भिंत तेवढी हलत नाही. मग दोहोंच्या सांध्यात चीर पडते, पाणी शिरते, आणि आपल्या खाऱ्या हवेत सळया गंजून काँक्रीट फोडतात.

सिमेंटचे नुकसान उशिरा दिसते, म्हणून ते अधिक वाईट. चुन्याच्या सांध्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंट ती अडवते. मग ओल दगडातूनच वाट काढते, क्षार पृष्ठभागाजवळ साठतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सैल चुना हातछिन्नीने सुमारे २५ मिमी खोल काढा. कटर लावाल तर दगडाच्या कडा जातील. सांधा धुऊन, ओलसर असतानाच एक भाग चुना आणि तीन भाग धुतलेली रेती दाबून भरा. निदान आठवडाभर ओले गोणपाट टांगा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

मात्र आधी गळती नेमकी कुठून आहे ते शोधा. बहुतेकदा दोष दोन उतारांमधल्या पन्हळीत असतो: पाने साचतात, पत्रा गंजतो, पाणी कैचीच्या टोकात मुरते आणि लाकूड कुजते. मे महिन्यात पन्हळी साफ करून फुटकी कौले बदला. कपाटे बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. इमारत वारसा यादीत असेल, तर कामाला हात लावण्याआधी महापालिकेची परवानगी घ्या.