‘कसबी’ आणि ‘प्रतिभावंत’

प्रश्न असा आहे: ‘कसबी कलाकार’ आणि ‘प्रतिभावंत कलाकार’ यांत फरक फक्त दर्जाचा का? कसब वाढत गेले की माणूस आपोआप प्रतिभावंत म्हणवून घ्यायला लागतो का?

मला तसे वाटत नाही, आणि माझे कारण या शब्दांतच आहे.

‘कसब’ मूळ अरबी. तिथे त्याचा अर्थ कमावणे, मिळवणे. मराठीत तो धंदा, हस्तकौशल्य या अर्थांवर स्थिरावला, तरी कमाईची छटा गेली नाही. चांगल्या कलाकारासाठी आपण वापरतो ते बहुतेक शब्द याच घरातले आहेत: कसलेला नट, तयारीचा गवई, मुरलेला लेखक, कमावलेला आवाज. किती घोटले, किती पचवले, याची पावती हे शब्द देतात. त्यांची नजर झालेल्या मेहनतीवर असते.

‘प्रतिभा’ म्हणजे प्रति + भा, आणि भा म्हणजे प्रकाशणे. संस्कृतात ‘प्रतिभाति’ म्हटले की एखादी गोष्ट मनापुढे उजळते, सुचते. तिथे कर्ता ती गोष्ट असते, माणूस नव्हे. आपल्या ‘सुचणे’चेही तसेच. मी गातो, मी रंगवतो, मी घोटतो. पण सुचते ते ‘मला’. ‘मी सुचतो’ असे कुणी म्हणत नाही. मेहनतीची क्रियापदे माणसाच्या ताब्यात आहेत, सुचण्याचे नाही, हे भाषेने किती सहज नोंदवून ठेवले आहे!

आता व्याख्या. संस्कृत काव्यशास्त्रज्ञ अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण त्यांचे एक वाक्य इतरांच्या अवतरणांतून टिकले: ‘प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी प्रतिभा मता’, म्हणजे नव्यानव्या उन्मेषांनी शोभणारी प्रज्ञा तीच प्रतिभा. उन्मेष म्हणजे उघडणे, पापणी उघडते तसे. मिटणे तो निमेष. आणि ‘नव’ एकदा नाही, दोनदा आहे. माझ्या मते सगळा भेद या द्विरुक्तीत आहे. एकदा काही वेगळे सुचणे चांगल्या कलाकारालाही लाभते. ते यशस्वी ठरले की मग तो तेच अधिक सफाईने करत राहतो, आणि त्याची सफाई वाढते तसतसे त्याचे पाहणे थांबत जाते. थोर कलाकाराचा डोळा पुन्हा उघडतो. डच चित्रकार रेम्ब्रांने स्वतःचा चेहरा तरुणपणापासून १६६९ साली मृत्यू येईपर्यंत रंगवला. नुसती तैलचित्रेच चाळीसच्या आसपास आहेत. विषय तोच, आरशातला माणूस तोच. पण उतारवयातल्या चित्रांत रंगाचे जाड थर आहेत, चेहऱ्याचे थकलेपण लपवण्याची धडपड नाही. तरुणपणीचे कौशल्य त्याला जन्मभर पुरले असते. त्याने ते पुरवून वापरले नाही.

मग कसबाला किंमत नाही का? आहे, फार आहे. काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकात काव्याची कारणे सांगताना शक्ती (म्हणजे प्रतिभाच), निपुणता आणि अभ्यास अशी तीन नावे घेतली, पण त्यांच्यासाठी ‘हेतु’ (कारण) हा शब्द एकवचनी ठेवला. वर खुलासाही केला की हे ‘हेतवः’ (अनेकवचन) नव्हेत. तिन्ही मिळून एकच हेतू. एका वचनाच्या प्रत्ययात केवढा विचार आहे! दुसरा काव्यशास्त्रकार आनंदवर्धन याने त्याआधीच, नवव्या शतकात, आणखी एक गोष्ट हेरली होती: व्युत्पत्ती कमी पडल्याने आलेला दोष कवीच्या शक्तीने झाकला जातो, पण शक्तीच्या अभावाचा दोष झटकन उघडा पडतो. (व्युत्पत्ती म्हणजे इथे व्यासंग, शब्दाचे मूळ नव्हे.) एखादे गाणे निर्दोष असूनही मन हलत नाही, आणि दुसरे जागोजागी ओबडधोबड असून पाठ सोडत नाही, त्याचे याहून नेमके स्पष्टीकरण मला सापडलेले नाही.

‘प्रतिभावान’ म्हणावे की ‘प्रतिभावंत’, असाही प्रश्न पडू शकतो. दोन्ही बरोबर, अर्थ एकच.

वापराबद्दल मात्र आग्रह धरतो. अचूक, स्वच्छ, तयारीचे काम पाहिले की ‘कसबी’ म्हणा आणि ते मनापासून म्हणा. तो उणा शब्द नाही, वर्षानुवर्षांच्या कष्टांचा सन्मान आहे. ‘प्रतिभावंत’ म्हणण्याआधी त्या कलाकाराचे दुसरे, तिसरे, दहावे काम पाहा. एका कामावरून ‘नव’ कळेल. ‘नवनव’ कळायला वेळ द्यावा लागतो.