उंबऱ्याबाहेरची बैठक

दापोलीला घर बांधतोय. दिवाणखान्याला १२ फुटी सरकता काचेचा दरवाजा आणि बाहेर त्याच पातळीवर डेक हवा आहे. गवंडी म्हणतो, पायरी सोडा. कोणाचं ऐकू?

आधी गवंड्याचं. तो कोकणातला पाऊस बघून बोलतोय. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर, तोही तिरपी झड घेऊन येणारा. मीही एकदा हौसेनं आत-बाहेर एकच पातळी ठेवली होती. जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात मालकांचा फोन, "सोफ्याचे पाय पाण्यात आहेत."

तरीही एकच पातळी हवी असेल, तर दरवाज्याला लागून बाहेरून आडवी पन्हळ घ्या, वर काढता येईल अशी जाळी. डेकचा उतार घरापासून लांब जाणारा, दर १० फुटांना सव्वा ते दीड इंच. आणि दरवाज्यावर निदान ५-६ फुटांचं छप्पर. यातलं एकही जमत नसेल तर मुकाट्यानं पायरी सोडा. ती चांगली १४ इंच रुंद करा, म्हणजे माणसं तिच्यावरच बसतील. ओटीच्या पायऱ्यांवर गप्पा रंगायच्या त्या काही उगाच नाही.

आत-बाहेर एकसंध दिसायला पातळीपेक्षा फरशी जास्त कामी येते. दोन्हीकडे कोटाच घाला. आत पॉलिशचा, बाहेर खरबरीत. चकचकीत टाइल बाहेर नकोच. आजी घसरतील.

पुण्यात सातव्या मजल्यावर ४०० चौरस फुटांची टेरेस आहे. लॉन आणि दोन-तीन मोठी झाडं लावायची आहेत.

एक फूट जाडीची ओली माती चौरस फुटाला साधारण ५० किलो भरते. वावर असलेल्या गच्चीवर माणसं-सामान मिळून चौरस मीटरला १५० किलो, म्हणजे चौरस फुटाला जेमतेम १४ किलो भार धरायचा प्रघात आहे. हिशेब तुम्हीच करा. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी होकार मिळेपर्यंत मातीचं एक पोतंही वर नेऊ नका. त्यानं खुशाल म्हटलं, तरी कोकोपीट मिसळलेली हलकी माती घ्या आणि मोठ्या कुंड्या तो दाखवेल त्या तुळयांवर. लॉनआधी वॉटरप्रूफिंग तपासा. गच्चीत पाणी कोंडून ४८ तास ठेवायचं आणि खालच्यांच्या छताकडे बघायचं.

अलिबागच्या घरातल्या स्टीलच्या खुर्च्यांना दोन वर्षांतच तांबूस डाग पडले. फसवलं का?

बहुधा ३०४ दर्जाचं स्टील असेल. समुद्राकाठी ३१६ मागायचं आणि तरी अधूनमधून गोड्या पाण्यानं पुसायचं.

नाशिकच्या बंगल्यात बाहेर बार्बेक्यूचा कट्टा, महागडा सोफा, सगळं केलं. पण तिथे कोणी बसतच नाही!

फोटो पाहिला. बैठक पश्चिमेला, डोक्यावर काही नाही आणि स्वयंपाकघर घराच्या दुसऱ्या टोकाला. संध्याकाळी चारला तिथे ऊन भाजतं, आणि चहाचा ट्रे घेऊन एवढं चालायचं कुणी? आधी सावली करा. कौलांची उतरती पडवी काढा, पश्चिमेला बांबूचे चिकाचे पडदे सोडा. छताला पंखा, भिंतीत एक प्लग. दिवे पिवळसर, ३,००० केल्व्हिनच्या आत. पांढऱ्या प्रकाशावर किडे जास्त येतात. शक्य असेल तर बैठकच स्वयंपाकघराच्या भिंतीला आणा आणि मधे चहा द्यायला खिडकी पाडा.

बार्बेक्यूचा कट्टा राहू दे. तूर्त त्यावर कुंड्या ठेवा.