इंजिन रूममधून वर्कशॉपमध्ये

प्रश्न: सर, १५ वर्षं नेव्हीत इंजिन रूममध्ये काढली, ट्रेनिंग लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर, म्हणजे नेव्हीच्या इंजिनीअरिंग ट्रेनिंग सेंटरवर झालेलं. आता रिटायर होतोय, आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकवायचं मनात आहे, जमेल का?

उत्तर: जमेल की! फक्त सीआयटीएसचा (क्राफ्ट इन्स्ट्रक्टर ट्रेनिंग स्कीम) एक वर्षाचा कोर्स करून घ्या, इन्स्ट्रक्टरसाठीच असतो तो, शिकवायचं कसं हे तिथे शिकवतात आणि खरं सांगू, आपलं तिथेच अडतं. मीही नेव्हीतूनच आलो, सुरुवातीला पोरांशी ऑर्डर सोडल्यासारखं बोलायचो, पोरं गप्प, मला वाटायचं कळलं त्यांना. मग एकदा इंजेक्टर टेस्टरवर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारा इंजेक्टर तपासायच्या यंत्रावर, एका पोरानं नोझलसमोर बोट नेलं, मी हात मागे ओढला म्हणून वाचला, तो फवारा शंभर बारच्या वरच्या दाबाचा असतो, कातडी फोडून डिझेल आत घुसतं आणि वरून नुसतं टोचल्यासारखं दिसतं. हात लावू नका एवढंच सांगितलेलं मी, का ते नव्हतं सांगितलं. त्यानंतर आधी कारण, मगच पाना हातात. आणि हो, सुटायच्या आधीच डीजीआरच्या (सैन्यातून सुटणाऱ्यांच्या पुनर्वसनाचं सरकारी खातं) रिसेटलमेंट कोर्सची चौकशी करून ठेवा, नंतर धावपळ होते.