गाईड आहे, मग आम्ही कशाला शिकायचं?

प्रश्न : ताई, मी घोडबंदर रोडला राहतो, सह्याद्रीत आठ-नऊ वर्षं ट्रेक करतोय. फेब्रुवारीत आम्ही चौघं मित्र गुलमर्गला जाणार आहोत, स्कीईंग थोडंफार येतं, आता गाईडसोबत नेहमीच्या स्लोपच्या बाहेर जायचंय. हिमस्खलनात गाडलेल्याला शोधून काढायचं बीकन (सिग्नल देणारं आणि पकडणारं छोटं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी), फावडं सगळं भाड्याने मिळेल असं गाईड म्हणतो. मग इथे ठाण्यात बसून वेगळं शिकायची गरज आहे का? व्हिडिओ बघून भागेल ना?

उत्तर : नाही भागणार रे. आणि शिकायची गरज तुझ्यापेक्षा तुझ्या तीन मित्रांना जास्त आहे, कारण तू बर्फाखाली गेलास तर तुझं बीकन फक्त सिग्नल देणार, बाहेर काढणार ते त्यांचे हात. पहिल्या 10 मिनिटांत काढलं तर दहातले साधारण नऊ जण वाचतात, अर्धा तास उलटला की तेच तिघांच्या आसपास येतं. तेवढ्यात खालून मदत पोचत नाही. आणि गाईडच गाडला गेला तर?

बीकन भाड्याने नाहीतर कुणाकडून उसने, पण दोन तरी आत्ताच मिळवा आणि रविवारी सकाळी मैदानात जा. एक बीकन सेंडवर टाकून सॅकमध्ये घालायचं, सॅक गवतात नाहीतर पालापाचोळ्याखाली लपवायची, दुसरं सर्चवर आणि हातात घड्याळ. आम्ही नेरूळच्या मैदानात पहिल्यांदा केलं तेव्हा अकरा मिनिटं गेली, कारण मोबाईल सर्च करणाऱ्या हाताजवळच होता आणि बीकनवरचे अंतराचे आकडे वेड्यासारखे उड्या मारत होते. मोबाईल शोधताना निदान 50 सेंटीमीटर लांब ठेवायचा, एरवी 20, बंदच केला तर उत्तम. आणि बीकनवरचा बाण सरळ नेत नाही हं, वळसा घालून नेतो, सिग्नलच्या रेषाच वाकड्या असतात, त्यामुळे घाबरून उलटं फिरू नका, आकडा कमी होतोय ना एवढं बघा. 3 मीटरच्या आत आलात की पळणं बंद, बीकन जमिनीलगत धरून हळू, आधी पुढे-मागे मग आडवं, सगळ्यात छोटा आकडा जिथे तिथून प्रोब घालायला सुरुवात. प्रोब बर्फाच्या पृष्ठभागाला काटकोनात, 25 सेंटीमीटरच्या अंतराने गोल गोल बाहेर. खाली माणूस लागला की प्रोब तिथेच राहू द्या, काढू नका, आणि उताराच्या खालच्या बाजूने खणत आत शिरा. सगळ्यात जास्त वेळ खणण्यातच जातो, घसरून थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसतो, म्हणून भाड्याने घेताना फावडं धातूचंच मागा, प्लास्टिकचं नको.

पण हे सगळं चूक झाल्यावरचं. त्याआधी उतार ओळखायला शिका. बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात, आणि माणसं सापडतात ती बहुतेक वेळा त्यांच्याच किंवा सोबत्याच्या वजनाने सुटलेल्यात. मोबाईलचं अँगलवालं ॲप घेऊन येऊरच्या वाटेवर नाहीतर खारघरच्या टेकडीवर आधी डोळ्याने अंदाज सांगायचा, मग मोजायचं, चार रविवारात नजर बसते. सपाटीवर उभे असाल तरी डोक्यावरचा उतार बघा, वरचं सुटून खाली येतं. ताजा भरपूर बर्फ, वाऱ्याने एका बाजूला साठलेला बर्फ, अचानक वाढलेली उष्णता, पायाखाली ‘धप्प’ आवाज किंवा पळत गेलेली भेग, यातलं काहीही दिसलं की मागे. हिमस्खलनाच्या धोक्याच्या 1 ते 5 पातळ्यांमध्ये 3 आली तर ‘मधलंच आहे’ म्हणू नका, माणसं 3 लाही खूप जातात. 1 फेब्रुवारी 2023 ला गुलमर्गच्याच अफरवट डोंगरावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले.

धोक्याचा उतार एकेकाने ओलांडायचा, बाकीचे सुरक्षित जागी थांबून बघत राहणार. आणि रोज सकाळी निघताना एकाने सर्चवर उभं राहायचं, बाकीच्यांनी एकेक करून समोरून जायचं, प्रत्येकाचं बीकन सेंडवर आहे ना ते कळतं. गाईडने ही तपासणी घेतली नाही तर तुम्ही मागा, आणि तो टाळायला लागला तर त्या दिवशी गोंडोलानेच (रोपवेने) खाली या.