गाडी भरलेली, रस्ता लांबचा : वाचकांचे प्रश्न, जुन्या ड्रायव्हरची उत्तरं

लांब घाट उतरताना निम्म्यात ब्रेक तापतात आणि पॅडल दाबूनही गाडी आवरत नाही. जुने ड्रायव्हर तोच घाट निर्धास्त उतरतात. माझं काय चुकतं?

तुम्ही घाट ब्रेकवर उतरताय. भरलेली गाडी इंजिनावर उतरवायची, ब्रेक फक्त मदतीला. खालचा गिअर माथ्यावरच टाका. उतारात वेग वाढल्यावर तो पडेलच असं नाही, आणि त्या खटपटीत गाडी न्यूट्रलमध्ये राहिली तर इंजिनाचा आधारच सुटतो. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग रोखणारा) असेल तर सुरुवातीपासून लावा. मात्र गाडी रिकामी आणि रस्ता निसरडा असेल, तर तो बंदच बरा, चाकं घसरतात.

आता पायाचं. ब्रेकवर हलका पाय ठेवून उतरत राहिलं की लायनर, म्हणजे ब्रेकचं अस्तर, चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमवर सारखं घासतं. ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब सरकतो आणि लायनरची पकडही कमी होते. त्यापेक्षा वेग ठरवून घ्या. समजा 30 ठरवला. काटा 30 वर आला की एकदा नीट दाबा, 22 वर आणा आणि पाय पूर्ण काढा. पुन्हा 30 होईपर्यंत ड्रमला वारा मिळतो. ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्यावरही नजर असू द्या.

जळका वास आला तर सुरक्षित जागा बघून थांबा आणि चाकांना ठोकळे लावा. तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका, तडा जातो.

पहाटे डोळे मिटायला लागतात. खिडकी उघडतो, गाणी मोठ्यानं लावतो. आणखी काय करावं?

थांबावं. वारा आणि गाणी चार-पाच मिनिटं फसवतात, झोप तिथेच असते. रात्री 2 ते पहाटे 6 या वेळात शरीरच झोप मागतं, त्यात कमीपणा कसला? 80 च्या वेगात 3 सेकंद डोळा लागला तर गाडी 65 मीटरहून जास्त पुढे गेलेली असते, आणि तेवढा वेळ ती कोणीच चालवत नसतं. मागचं वळण कधी गेलं ते आठवत नाही, अशी वेळ आली की पुढची सुरक्षित जागा तुमची.

कॉफी पिऊन लगेच 20 मिनिटं झोपा; ती भिनायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. उठल्याउठल्या स्टार्टर मारू नका. खाली उतरा, टायर बघा, डोकं ताळ्यावर येऊ द्या. ही तात्पुरती सोय आहे. रात्रीच्या झोपेची भरपाई तिनं होत नाही.

युरोपात साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती कायद्यानं घ्यावी लागते. तुमच्याकडे कोणी विचारणारं नसेल तरी हा हिशेब स्वतःला लावून घ्या. मालकाला उशीर कळवायचा तर निघतानाच कळवा, म्हणजे पहाटे त्या वेळेच्या धाकानं गाडी हाणावी लागत नाही.

मी कार चालवतो. ट्रकवाले पुढे एवढी जागा का सोडतात?

ती आमची थांबायची जागा आहे. एअर ब्रेकमध्ये पॅडल दाबल्यापासून हवा चाकापर्यंत पोचायला साधारण अर्धा सेकंद जातो. 80 च्या वेगात तेवढ्यात 11 मीटर संपतात, आणि वजन तर त्यानंतर आवरायचं असतं. कृपा करून त्या जागेत घुसू नका. आमच्या आरशात आमचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही आम्हाला दिसत नाही.

पती खेपेवरून येतात, दिवसभर झोपतात आणि बोललं की चिडतात. काय करू?

पहिला दिवस झोपू द्या. ती आळसाची झोप नाही, थकलेली असते. तुमचा राग मला रास्त वाटतो, कारण मागे सगळं घर तुम्हीच ओढता. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, पण बोलाच. दर खेपेला निघण्याआधी फोनची वेळ ठरवून घ्या आणि ती त्यांच्या मुक्कामाची असू द्या. चालू गाडीत फोन करू नका, भांडणाचा तर मुळीच नको. कानात यंत्र घातलं तरी लक्ष रस्त्यावरून उडतंच.